प्रश्न विचारणारे सदावर्त

दादा, तुझ्या मरणाची नोंद चावडीच्या वहीत मी माझ्या हाताने केली आहे, आणि ती खोटी आहे. हे तुला कसे सांगावे ते मला समजत नाही. तू असतास तरी सांगता आले असते की नाही, कोण जाणे. म्हणून हा कागद घेऊन बसलो आहे. तुला वाचता येत नव्हते. माझी इंदूरहून आलेली पत्रे तू दरबारी तंबूंच्या फरासखान्यातल्या कोणाकडून तरी वाचून घ्यायचास, आणि वाचणारा अडखळला तर त्यालाच रागवायचास, "नीट वाच, माझ्या भावानं असं नसेल लिहिलं." आता तुला वाचून दाखवणारा कोणी लागणार नाही, असे मी धरून चालतो.

मला लेख लिहिण्याची सवय नाही. कॉलेजात निबंध लिहितो, त्यात पहिल्या परिच्छेदात विषय मांडायचा असतो. विषय एवढाच आहे, की तू जो प्रश्न विचारायचास तो तुला कळून विचारत होतास की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आपले भांडण तिथेच तुटले. ते पुरे करायला तू थांबला नाहीस.

गेल्या उन्हाळ्यात मी सुटीला धारला आलो तेव्हा तू सदावर्ताच्या दारावर होतास. पाऊस बुडाला होता, फरासखान्यात माणसे कमी केली होती. दरबारचे तंबू ठोकायला आपले आजोबा देशावरून इकडे आले, बाबांनी तेच केले, तूही तेच केलेस. पण दुष्काळात तंबू कोण ठोकतो? शहरातल्या चार प्रतिष्ठितांनी कमिटी करून तलावाच्या पाळीवर सदावर्त घातले, आणि तुझा आवाज मोठा, छाती रुंद, म्हणून तुला दाराशी उभे केले. वही लिहिणारा कारकून तापाने पडला तेव्हा तू कमिटीच्या गृहस्थांना म्हणालास, "माझा भाऊ कॉलेजात आहे. त्याचं अक्षर छापल्यासारखं आहे." मी लाजलो. तू मात्र असा उभा होतास, जसे काही ते अक्षर तूच काढले होतेस. एका अर्थी काढलेच होतेस. दर पंधरवड्याला इंदूरच्या गाडीवानाबरोबर माझे पीठ यायचे. तुझ्या पंच्यात बांधलेले, वर तंबूच्या दोरीला मारतात ती फराशी गाठ. ती माझ्याने कधी हातांनी सुटली नाही. मी दातांनी सोडायचो, आणि खोलीतला माझा सोबती हसायचा.

सदावर्त म्हटले की इकडे माळव्यात सगळ्यांना एकच ठाऊक आहे, की तिथे कोणी काही विचारत नाही. येणाऱ्याने बसावे, वाढणाऱ्याने वाढावे. आपले सदावर्त विचारायचे. दाराला कागद चिकटवला होता आणि तो तू माझ्याकडून तीनदा वाचून घेतलास: 'येणाऱ्याने आदल्या दिवसापासून अन्न घेतले किंवा कसे, याची चौकशी करून मगच आत घ्यावे.' कमिटीचे गृहस्थ म्हणाले होते, "आळशाला पोसायचं नाही. विचारल्याशिवाय एकालाही सोडू नका." पत्रावळी रोज ठराविक यायच्या. मक्याच्या पिठाची घट्ट राबडी तेवढ्याच पत्रावळींपुरती. पत्रावळी संपल्या की दार बंद.

चौकशी तू करायचास. मी वहीत लिहायचो.

तिरल्याकडून, मांडूच्या डोंगरातून माणसे यायची. त्यांना तू माळवीत विचारायचास, "रोटी खाई कई?" ती सरळ सांगायची, "नी खाई, भिया." एक म्हातारा आठवतो. त्याच्या पोटऱ्यांवर मांस असे नव्हतेच. तू त्यालाही तेच विचारलेस. तो म्हणाला, "खाई होती तो थारो मूंडो देखवा आतो कई?" तुझे तोंड पाहायला तो आला नव्हता, हे ऐकून रांगेतले लोक हसले. भुकेली माणसे हसताना दात फार मोठे दिसतात, हे मी तेव्हा पाहिले. तूही हसलास आणि त्याला हाताला धरून आत नेलेस. मला त्या दिवशी तुझा अभिमान वाटला होता.

आपली माणसे आली की तू मराठीत विचारायचास. "जेवलात का?"

दादा, या प्रश्नाला आपल्या घरात, आपल्या आळीत, कोणी कधी 'नाही' म्हटलेले तू ऐकले होतेस का? आपण कोणाच्या दारी गेलो आणि त्या घरच्या बाईने विचारले, की आपण म्हणतो, झालं. पोटात आग असली तरी म्हणतो, झालं, आत्ताच उठलो. आईशिवाय कोणाला 'नाही' म्हणायचे नाही, हे आपल्याला चालायला शिकण्याच्या आधी शिकवतात. ते जुने जमादार आले होते ना, पागा मोडल्यापासून घरी बसलेले? डोक्याला स्वच्छ पगडी बांधून आले होते. तू उठून उभा राहिलास. "जेवलात का, जमादार?"

"तर! पोटभर. असाच इकडून चाललो होतो."

मग ते तिथेच उभे राहिले. पातेल्याकडे पाहत. पुष्कळ वेळ. शेवटी "बरंय" म्हणून गेले. मी वहीत लिहिले, 'जेवण झालेले.'

मी तुला म्हटले, "दादा, त्यांनाही रोटी खाई कई असंच विचार ना."

"जमादाराला?" तू म्हणालास. "थोबाड फोडील माझं."

ते खरेही होते. तुझा अपराध मोजायला बसलो की हे वाक्य आडवे येते. जमादाराला तू उपाशी आहात का असे विचारणे म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकणे. तू मान देत होतास. आणि तो मान घेऊन ते उपाशी परत गेले.

पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी पाहिले, की पत्रावळी संपत आल्या की तू तिरल्यावाल्यांनासुद्धा मराठीत विचारतोस. "जेवलास का?" त्यांना नीट कळायचे नाही. ती गोंधळून मान हलवायची, आणि तू मला खुणवायचास. मी लिहायचो. पुढे पुढे पुरे शब्दही लिहीनासा झालो. नुसते 'जे.' पुरायचे. माझे 'जे' चांगले यायचे. मात्रा डौलदार.

कमिटीचे गृहस्थ एकदा येऊन गेले. रांगेत आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही, हे पाहून खूश झाले. तुला म्हणाले, "तुमच्या दारावर गडबड नसते. दुसरीकडे काठी चालवावी लागते." तू हात जोडलेस. मला ते फार चांगले वाटले.

आता सोनाकाकू.

तुला तिचे नाव काढलेले आवडत नव्हते, पण आता तुझ्या आवडीचे मी का पाहावे? तिचा नवरा बाबांबरोबर तंबूंच्या कामावर होता. आई मला ठेवून गेली तेव्हा काकूची मुलगी अंगावर पीत होती. त्या दुधात मी वाटेकरी झालो. हे तूच मला सांगितलेस. तू तेव्हा मोठा होतास, मला कडेवर घेऊन दिवसातून चारदा तिच्या दारी जायचास. तिची मुलगी पुढे संवत छप्पनच्या दुष्काळात गेली, नवराही गेला. ती फरासखान्याच्या मागच्या खोलीत एकटी राहायची, तंबूंच्या फाटक्या कनातींना टाके घालायची. कनाती निघेनाशा झाल्या तसे तेही थांबले.

ती सकाळीच आली. पत्रावळींची चळत अजून उंच होती, हे मला स्पष्ट आठवते. मुद्दाम सांगतो, कारण त्या दिवशी पत्रावळी संपल्या नव्हत्या. लुगडे धुतलेले होते. आपल्या दोघांना दाराशी पाहून ती थबकली. बहुधा आपण तिथे असतो हे तिला ठाऊक नव्हते. तू विचारलेस. रोज विचारायचास त्याच आवाजात.

"काकू, जेवलात का?"

तिने तुझ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या लेखणीकडे. "झालं की. केव्हाच," ती म्हणाली. "तुम्ही जेवलात का रे, पोरांनो? ऊन चढलंय."

"जेवतो आता, काकू."

"जेवा. हा फार वाळलाय. वाचून वाचून वाळलाय. याला दूध देत जा."

रांगेत मागून कोणी तरी ओरडले, "अरे आगे चलो, मासीजी!" ती बाजूला झाली. मी लिहिले: सोनाबाई, जे.

तीन दिवसांनी ती खोलीत मेलेली सापडली. दवाखान्याचे डॉक्टर आले. शहरात कोणी भुकेने मरत नाही ना, हे पाहणे त्यांचे काम होते. त्यांनी सदावर्ताची वही मागवली. मीच घेऊन गेलो. त्यांनी नावावर बोट ठेवले.

"ये 'जे.' क्या है?"

"जेवण झालेले."

"किसने लिखा?"

"मी."

"इसने खुद बोला? खाना हुआ, ऐसा?"

"हो."

"बस. खाई-पिई औरत है. फिर भूख कैसी?" ते शिपायाकडे वळले. "ताप लिखो." मग माझी वही उलटवत म्हणाले, "अच्छा अक्षर है तुम्हारा."

मला बोलता आले असते. मी कॉलेजात शिकतो. युक्तिवाद कसा करावा हे मला शिकवले आहे. मला म्हणता आले असते, की डॉक्टरसाहेब, हा प्रश्न असा आहे की त्याचे एकच उत्तर असते. मी म्हटले नाही. त्या वेळी खरोखर मला एवढेच वाटले, की अक्षर चांगले म्हणाले.

संध्याकाळी आपले भांडण झाले. वहिनी चुलीपुढे होती, तिने मान वर केली नाही.

"तुला ठाऊक होतं," मी म्हणालो.

"काय?"

"ती हो म्हणेल हे."

"ती हो म्हणाली. मी म्हणालो का?"

"तू वेगळं विचारायला हवं होतंस."

"तू वेगळं लिहायला हवं होतंस. लेखणी कोणाच्या हातात होती?"

तू बिडी पेटवलीस, आणि माझ्याकडे न पाहता बोललास. ते शब्द मी पुष्कळदा आठवले आहेत, म्हणून ते बरोबर असावेत. "पत्रावळी संपल्या की मागं शंभर माणूस उभा असतो. त्याला एक तर काठी दाखवायची नाही तर प्रश्न विचारायचा. काठी खाल्लेला माणूस शिव्या देत जातो. प्रश्न विचारला की तो आपणहून खाली मान घालून जातो. काठी मला उगारता येत नाही."

"त्या दिवशी पत्रावळी होत्या, दादा."

हे भांडण इथे तुटले. दुसऱ्या सकाळी मी इंदूरला निघालो, सुटी संपायला पंधरा दिवस असताना. तू गाडीत पिठाची पुरचुंडी ठेवलीस. मी ती घेतली. एवढा राग होता, पण पीठ घेतले.

इंदूरला आम्हाला निबंध दिला होता, दुष्काळात अन्नार्थी लोकांची व्यवस्था कशी असावी. मी लिहिले, की चौकशी अवश्य आहे, मात्र ती सभ्यपणे व्हावी. प्रोफेसरांनी 'सभ्यपणे' या शब्दाखाली रेघ ओढून शाबासकी दिली. हे मी तुला पत्रात कळवले नाही.

आषाढात पाऊस पडला, आणि पाऊस पडला म्हणून कमिटीने सदावर्त बंद केले. पाऊस खाता येत नाही. मका यायला अजून अडीच महिने होते. तुझे काम गेले. वहिनीला सातवा महिना होता, तिला तू देवासला माहेरी पोचवलेस. पत्रात लिहवलेस, 'तिकडे दोन वेळचे आहे, काळजी नाही.' माझे पीठ मात्र थांबले नाही. पुरचुंडी लहान होत गेली, गाठ तेवढीच घट्ट. मला वाटले, गाडीवान वाटेत काढत असेल. तसे मी माझ्या सोबत्याला बोललोही.

श्रावणात चार दिवस सुटी मिळाली म्हणून मी आलो. तू दार उघडलेस तेव्हा मी तुला ओळखले, पण ओळखायला क्षणभर लागला. छाती कुठे गेली होती? तू म्हणालास, "ये. हात-पाय धू." स्वतः चुलीपुढे बसून दोन भाकरी थापल्यास. मिरचीचा ठेचा. ताट एक.

मी बसलो. आणि मग मी विचारले. ज्याने त्या प्रश्नावरून तुझ्याशी भांडण केले होते, त्याने.

"दादा, तू जेवलास का?"

"झालं. मघाशीच. तू बस."

परातीत पीठ दोन भाकरींपुरतेच काढलेले होते. तवा मी येईपर्यंत गार होता, तो तू माझ्यासमोर चुलीवर ठेवलास. मी वही लिहिलेला माणूस आहे. असल्या गोष्टी मला दिसतात. त्या दिवशी सोमवार होता. मी मनाला सांगितले, श्रावणी सोमवार, उपास असेल. तू जन्मात सोमवार धरला नव्हतास. मी दोन्ही भाकरी खाल्ल्या. भाकरी चांगली झाली होती, दादा. तू समोर बसून पाहत होतास आणि मला कॉलेजाचे विचारत होतास. दुसऱ्या दिवशी पुन्हा मी विचारले, तू म्हणालास झालं, आणि मी जेवलो. तिसऱ्या दिवशी तुला हुडहुडी भरली. चौथ्या दिवशी दुपारी तू गेलास.

चावडीत कारकून म्हणाला, "कशानं गेले?" आणि मी तोंड उघडायच्या आत वही माझ्याकडे सरकवली. "तुम्ही शिकलेले आहात, भिया, तुम्हीच भरून टाका."

रकाना अरुंद होता. मी लेखणी घेतली. भूक लिहिली असती तर तो विचारणार होता, घरात कॉलेजात जाणारा भाऊ असून? मग तो मला आपादमस्तक पाहणार होता. माझे अंग बऱ्यापैकी भरलेले आहे. मी 'ताप' लिहिले. ताप होताच. सोनाकाकूलाही शेवटी ताप असेलच. कारकुनाने वही फिरवून पाहिली आणि म्हणाला, "वा, काय अक्षर आहे."

म्हणून हा कागद. चावडीची वही मला आता मिळणार नाही, तेव्हा इथे लिहून ठेवतो: सोनाबाई, भूक. आणि तिच्याखाली तू, भूक. लिहिणारा मी, दोन्ही वेळा पोटभर जेवलेला.

मसणवट्यातून परतल्यावर तुझ्या खाटेखाली पुरचुंडी सापडली. माझी. बांधून तयार, गाठ मारलेली, मी परत जाताना न्यायची म्हणून. तू तिच्यावर निजून गेलास. मी तिला हात लावला नाही. चार-पाच दिवस शेजाऱ्यांनी पिठले-भाकरी आणून दिली, पुढे त्यांचेही जमेना. देवासला निरोप उशिरा पोचला. वहिनी कालच्या दिवशी, दहाव्याला, आली. रडली, मग पदर खोचून उंबऱ्याशी उभी राहून मला म्हणाली,

"भाऊजी, जेवलात का?"

दादा, तोंडात 'झालं' आलेच होते. ते आपोआप येते. त्याला खोटे बोलणे म्हणत नाहीत, हे मला त्या क्षणी कळले. काकूही खोटे बोलली नव्हती, तूही नाही. मी ते गिळले आणि म्हणालो, "नाही."

ती दचकली. आपल्या घरात हा शब्द तिने ऐकला नव्हता. मग तिने ती पुरचुंडी ओढली. गाठ तिला सुटेना. मी दातांनी सोडली. पिठाला तुझ्या बिडीचा वास होता. तीन भाकरी झाल्या. तिने तिन्ही माझ्या ताटात ठेवल्या, आणि मी वर पाहिले तेव्हा तिचे ओठ तयारच होते. मी विचारले की ती म्हणणार होती, माझं झालं, निघतानाच जेवले. म्हणून मी विचारले नाही. दोन भाकरी उचलून तिच्यापुढे ठेवल्या. सदावर्तात विचारत नसतात.

ती नको म्हणाली नाही. तिने भाकरी मोडलीही नाही, दोन्ही हातांनी धरली. माझ्याकडे पाठ करून जेवली. संपल्यावर बोट ओले करून तिने परातीतले कण टिपले, मग जमिनीवरचे. पोटातल्या पोरासकट ती दीड महिना देवासला होती. मनगटातल्या बांगड्या काल फुटल्या, पण त्या आधीच कोपरापर्यंत सरकत असणार, एवढे ते हात.

दादा, तिला तिकडे सोडताना तू तिच्या आईला विचारले असशील ना, की घरात सगळे ठीक आहे ना, जेवणखाण नीट आहे ना? तू विचारल्याशिवाय राहणारा नव्हतास. काय म्हणाली होती ती?